उंदराची शेपटी, माणसाचा तळपाय

ओहोटी लागली की थळसारख्या किनाऱ्यावर खडक उघडे पडतात आणि कोळीवाड्यातल्या बायका कालवे काढायला उतरतात. समोर खांदेरी-उंदेरी, पायाखाली धारदार शिंपले. तळपाय शाबूत असेल तर शिंपला लागल्याबरोबर पाय आपोआप मागे येतो. मधुमेह जुना झालेल्या माणसाचा पाय येईलच असे नाही. चप्पल वाटेत कुठे निसटली हे त्याला घरी आल्यावर कळते आणि जखम कळते ती पायपुसण्यावर रक्त दिसल्यावर. त्याच पायाची रात्री मात्र आग होते, मुंग्या येतात, अंगावरची चादरही सोसवत नाही. एकाच पायात बधिरपणा आणि वेदना असा हा विचित्र आजार. डॉक्टर त्याला मधुमेही न्यूरोपॅथी म्हणतात, घरात ‘शुगरने नसा गेल्या’ असे म्हणतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे 2023 साली प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात, की देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. आजार मुरत गेला की जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या नसांना आज ना उद्या इजा होते. ही कोट्यवधी माणसे नुसती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर थांबत नाहीत. नारळी-पोफळीच्या वाडीत आंब्यावर चढलेली गुळवेल, अंगणातली सदाफुली, परसातला शेवगा, स्वयंपाकघरातली मेथी आणि हळद, रानातल्या बिबल्याच्या लाकडाचा पेला, बाजारातून आणलेली सप्तरंगीची मुळी यांतले काही ना काही घरात असतेच. म्हणून या वनस्पतींबद्दल प्रयोगशाळेत काय सापडले आणि माणसात काय सिद्ध झाले, याचा हिशेब मांडायला हवा. तो मांडताना दोन प्रश्न पहिल्यापासून वेगळे ठेवावे लागतात. रक्तातली साखर उतरते का, हा एक. इजा झालेली नस सुधारते का, हा दुसरा. लोक आणि कधीकधी संशोधकसुद्धा पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावून मोकळे होतात.

बिबल्याचेच घ्या. विजयसार असेही म्हणतात तो हा वृक्ष रायगडच्या जंगलांत आजही आहे. त्याच्यावर परिषदेने चार केंद्रांत घेतलेल्या चाचणीचा अहवाल 1998 साली आला. नव्याने मधुमेह सापडलेल्या 97 रुग्णांपैकी 67 जणांची साखर आटोक्यात आली. भारतीय वनस्पतीवर सरकारी संस्थेने माणसांत केलेले हे काम मोलाचे आहे. पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि नसांचे काय झाले हा प्रश्न त्या चाचणीचा नव्हताच. बिबल्याच्या पेल्यातले पाणी पायाच्या मुंग्यांवर चालते, असे त्या आधारावर म्हणता येत नाही.

साखर उतरली की नसा वाचतात, हे तरी पक्के आहे का? निम्मे पक्के आहे. अमेरिकेत झालेल्या मोठ्या डीसीसीटी चाचणीत (1993) लहान वयात जडणाऱ्या टाइप 1 मधुमेहात साखर काटेकोर ठेवल्यावर न्यूरोपॅथी सुमारे 60 टक्क्यांनी कमी झाली. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या टाइप 2 मध्ये हा फायदा इतका ठळक दिसलेला नाही. म्हणजे नसेची इजा ही नुसती साखरेची गोष्ट नाही. जादा ग्लुकोजचे नसेच्या पेशीत सॉर्बिटॉल होते, त्यासाठी आल्डोज रिडक्टेज नावाचे विकर कामाला लागते. प्राणवायूचे उपद्रवी रेणू वाढतात. प्रथिनांवर साखर चढून ती निकामी होतात. नसेला रक्त पुरवणाऱ्या केसाहून बारीक वाहिन्या आक्रसतात. सगळ्यात लांब नसा सगळ्यात आधी मार खातात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते.

वनस्पती-संशोधनाचा ओघ याच वाटांनी गेला आहे. आल्डोज रिडक्टेजला अडवणारे पहिले नैसर्गिक पदार्थ म्हणून 1970च्या दशकात फ्लेव्होनॉइड पुढे आले. शंभू वर्मा आणि जिन किनोशिता यांनी क्वेर्सिट्रिन देऊन मधुमेही प्राण्यांतला मोतीबिंदू लांबवता येतो, हे 1977 साली ‘सायन्स’मध्ये दाखवले. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत भानुप्रकाश रेड्डी यांच्या गटाने आवळ्यातली टॅनिनवर्गी द्रव्ये हेच विकर अडवतात असे दाखवले. चंदिगडच्या पंजाब विद्यापीठात कंवलजीत चोप्रा आणि श्रीनिवास कुलकर्णी यांच्या प्रयोगशाळेतून क्वेर्सेटिन (2003) आणि हळदीतले कर्क्युमिन (2006) मधुमेही उंदरांची वेदना कमी करतात, असे निष्कर्ष आले.

महाराष्ट्रात या विषयाचे ठळक केंद्र म्हणजे पुण्याचे भारती विद्यापीठाचे पूना कॉलेज ऑफ फार्मसी. तिथे सुभाष बोधनकर, अमित कंधारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली नारिंजिनवरचा अभ्यास ‘फिटोटेरापिया’ या नियतकालिकात छापला आणि 2014 साली हेस्पेरिडिनवरचा दुसरा. नारिंजिन म्हणजे पपनसाच्या जातीच्या फळांना कडवटपणा देणारे द्रव्य, हेस्पेरिडिन संत्र्याच्या सालीत असते. स्ट्रेप्टोझोटोसिनचे इंजेक्शन देऊन मधुमेही केलेल्या पांढऱ्या उंदरांत दोन्ही द्रव्यांनी वेदनेची चिन्हे कमी झाली आणि नसांतली रासायनिक इजाही घटली. काम नेटके आहे. नस कोणत्या मार्गाने वाचू शकते, याचा त्यातून चांगला अंदाज येतो.

पण हे माप कसे घेतात ते बघा. तापलेल्या पट्टीवर उंदीर किती सेकंद पाय टेकवून ठेवतो, गरम पाण्यात बुडवलेली शेपटी किती वेळात ओढून घेतो, तळव्याला बारीक तंतू टोचल्यावर कितव्या जाडीला पाय उचलतो. उंदीर तरुण, सगळे एका वंशाचे, मधुमेह एका इंजेक्शनने झालेला, औषध काही आठवड्यांत सुरू झालेले. थळचा साठीचा मधुमेही वेगळा असतो. आजार पंधरा वर्षांचा, जोडीला रक्तदाब, कधी तंबाखू, कधी दारू, रोजच्या चार-पाच गोळ्या. उंदराच्या पायाची नस काही सेंटिमीटरची, माणसाची कमरेपासून अंगठ्यापर्यंत जवळजवळ मीटरभर. सेंटिमीटरभर नस सावरणे आणि मीटरभर नस पुन्हा वाढणे यांत फार मोठे अंतर आहे. उंदरांत चाललेली कितीतरी कृत्रिम औषधेही माणसांत आल्यावर याच अंतरावर पडली.

तरीही असे अभ्यास निघतच राहतात. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. एम. फार्म.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. तेवढ्यात एक अर्क काढून, प्राणिप्रयोगाची परवानगी घेऊन, आठ आठवड्यांचा प्रयोग करून प्रबंध लिहिता येतो. माणसांवरच्या चाचणीला वर्षे लागतात, मेंदूविकारतज्ज्ञ लागतात, नसेचा वेग मोजणारे यंत्र लागते आणि पैसा लागतो. मेथीचे दाणे कोणाच्या एकट्याच्या मालकीचे नसल्यामुळे त्यांच्यावर कोट्यवधी रुपये घालायला कंपनी पुढे येत नाही. हे पैसे सरकारने घालायला हवेत. कॉलेजांमागून कॉलेजांत तेच उंदीर आणि त्याच अर्कांची नवी नावे यांत निधी वाटून टाकण्यापेक्षा त्यातून दोन-तीन चांगल्या मानवी चाचण्या उभ्या राहिल्या, तर रुग्णांचे जास्त भले होईल.

माणसांतले पुरावे मग आहेत तरी किती?

इंग्लंडमध्ये हॅरी कीन यांच्या गटाने इव्हिनिंग प्रिमरोझ या फुलझाडाच्या बियांच्या तेलातले गॅमा-लिनोलेनिक आम्ल 111 रुग्णांना वर्षभर देऊन पाहिले. 1993 साली आलेले निकाल आशादायक होते, पण मान्यताप्राप्त औषध त्यातून झाले नाही. क्वेर्सेटिन असलेले मलम 34 रुग्णांना चार आठवडे लावून पाहिल्याचा अहवाल 2005 साली आला. इराणमध्ये 80 रुग्णांना आठ आठवडे अतिसूक्ष्म कणांतले कर्क्युमिन दिले, त्यांच्या न्यूरोपॅथीचे गुण सुधारले (2019). चीनमध्ये वनौषधींच्या चाचण्या भरपूर झाल्या. कॉक्रेन संस्थेने 2013 साली त्यातल्या 49 चाचण्या आणि 3,639 रुग्ण तपासले. बहुतेक चाचण्यांची रचना इतकी कच्ची होती, की कोणत्याही औषधाची शिफारस करता येणार नाही, असा निष्कर्ष निघाला. रात्रीची आग हे लक्षण नुसत्या आश्वासनाने, गोळी बदलल्याने, डॉक्टरांनी वेळ दिल्यानेही काही आठवडे कमी होते. खोटी गोळी दिलेला तुलनेचा गट नसेल, तर औषधाचा गुण कोणता आणि आशेचा कोणता हे वेगळे काढता येत नाही.

हळदीचे दुखणे आणखी एक आहे. पोटात गेलेले कर्क्युमिन रक्तात जवळजवळ उतरतच नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी 1998 साली दाखवले, की मिरीतले पाइपरीन जोडीला दिले तर हे प्रमाण वीसेक पटींनी वाढते. त्यातूनच हळद-मिरीच्या गोळ्यांची बाजारपेठ उभी राहिली. पण शोषण वाढले की धोकाही वाढतो. भाजीतल्या हळदीने कुणाचे यकृत बिघडत नाही, दाट अर्काच्या गोळ्यांनी बिघडल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत. हळदीच्या नावाने मराठी माणसाला अभिमानाची एक आठवणही आहे. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जखमेवरच्या हळदीचे अमेरिकी पेटंट 1997 साली रद्द करून घेतले. त्या लढाईने हे ज्ञान आपल्याकडे आधीपासून होते एवढे ठरवले. हळद नसांवर चालते का, हे ठरायचे बाकी आहे.

या सगळ्या यादीत एकच वनस्पती उंदरापासून रुग्णाच्या तळपायापर्यंतची वाट पूर्ण चालून आली, ती म्हणजे मिरची. अमेरिका खंडातून पोर्तुगीजांनी ती भारतात आणली. त्यांचे एक मोठे ठाणे थळपासून दक्षिणेला, चौल-रेवदंड्याला होते. मिरचीतले कॅप्सेसिन 0.075 टक्के असलेले मलम 252 रुग्णांवर आठ आठवडे वापरलेल्या चाचणीचा अहवाल 1991 साली आला. सुधारणा 69.5 टक्के रुग्णांत झाली, तर साध्या मलमाच्या गटात 53.4 टक्क्यांत. 1997 साली डेव्हिड ज्युलियस यांनी नसेच्या टोकावरचे, मिरचीलाही आणि उष्णतेलाही प्रतिसाद देणारे ग्राहक-प्रथिन शोधून काढले. टीआरपीव्ही1 हे त्याचे नाव. त्या कामाला 2021 सालचे नोबेल मिळाले. कॅप्सेसिन या ग्राहकाला इतके उद्दीपित करते, की वेदना वाहणारी नसेची टोके काही महिने निकामी होतात आणि मग हळूहळू परत येतात.

याच तत्त्वावर आठ टक्के कॅप्सेसिनची पट्टी तयार झाली. पायांच्या मधुमेही वेदनेसाठी अमेरिकेच्या एफडीएने जुलै 2020 मध्ये तिला मान्यता दिली. दवाखान्यात अर्धा तास लावायची, तीन महिन्यांनी गरज पडली तर पुन्हा. मान्यतेमागच्या 369 रुग्णांच्या चाचणीत पट्टीने वेदनेचे गुण 27.4 टक्क्यांनी उतरले, खोट्या पट्टीने 20.9 टक्क्यांनी. फरक आहे, पण मोठा नाही. मिरचीने वेदना दबते, नस दुरुस्त होते असे नाही. (घरी मिरची वाटून बधिर पायाला लावण्याचा विचारही कुणी करू नये. भाजल्याचे त्या पायाला कळणार नाही.) तरीही या वाटेकडून बाकीच्या वनस्पतींनी शिकण्यासारखे खूप आहे. द्रव्य एकच, मात्रा मोजलेली, लावण्याची जागा ठरलेली, शरीरात ते कुठे काम करते हे कळलेले, आणि प्रत्येक पायरीवर तुलनेचा गट.

आता किनाऱ्यावरची सगळ्यात प्रिय वनस्पती, सदाफुली. वाळूत, खाऱ्या वाऱ्यात बाराही महिने फुलणारी. तिची पाने किंवा फुले सकाळी उपाशीपोटी चावून खाणारे मधुमेही गावोगाव आहेत. या समजुतीचे धागे दूरवर, जमैकापर्यंत जातात. तिथे मधुमेहासाठी तिचा काढा पीत. 1950च्या दशकात ती पाने कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत पोहोचली. अर्क तोंडावाटे दिल्यावर साखरेवर काही परिणाम दिसला नाही. इंजेक्शनने दिल्यावर उंदीर संसर्गाने मेले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी नाहीशा झाल्या होत्या. त्या अपयशातून चार्ल्स बीअर यांच्यासह नोबल यांनी व्हिनब्लास्टिन वेगळे केले. पुढे आलेल्या व्हिन्क्रिस्टीनला 1963 साली मान्यता मिळाली आणि रक्ताच्या कर्करोगाची असंख्य मुले त्याने वाचली.

या औषधाचा सगळ्यात ठाऊक असलेला दुष्परिणाम म्हणजे न्यूरोपॅथी. हातापायांना मुंग्या, बधिरपणा, पाऊल उचलताना लोंबणे. प्रयोगशाळेत नसांची इजा हवी असेल तर उंदरांना व्हिन्क्रिस्टीन देतात, इतकी ती खात्रीची. झाडात त्याचे प्रमाण अत्यल्प असते, एक ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. चार पाने चावणाऱ्याला कर्करोगाची मात्रा मिळत नाही हे खरे. पण त्याच पानांत इतरही अनेक अल्कलॉइड आहेत, आणि रोज, वर्षानुवर्षे खाल्ल्याने आधीच दुखावलेल्या नसांचे काय होते हे कुणी मोजलेले नाही. नसांच्या रुग्णाने नसांचे विष ज्यातून काढतात ते झाड औषध म्हणून चावावे, याची काळजी वाटलीच पाहिजे. सदाफुली अंगणात शोभते, ती तिथेच राहू द्यावी.

गुळवेलीची कथा वेगळी. कर्नाटकातल्या संशोधकांनी 2012 साली मधुमेही उंदरांच्या नसांवर तिचा चांगला परिणाम नोंदवला. मग कोविडच्या काळात घरोघरी काढे उकळले. मुंबईत आभा नगराल आणि सहकाऱ्यांनी सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, दुसऱ्याच जातीची वेल वापरली गेली असेल असेही म्हटले गेले. पुढे 2022 साली देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून 43 रुग्णांचा अहवाल दिला. त्या रुग्णांतल्या बऱ्याच जणांत शरीराने स्वतःवरच उलटण्याची प्रवृत्ती आधीपासून दडलेली होती. गुळवेल सरसकट घातक आहे, असा याचा अर्थ नाही. पण ‘झाडपाला आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य आता टिकत नाही. पपनसाच्या जातीची फळेही काही गोळ्यांचे, उदाहरणार्थ कोलेस्टेरॉलवरच्या काही औषधांचे, रक्तातले प्रमाण वाढवतात. बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे 2004 साली ‘जामा’त छापून आले. शिसे आणि आर्सेनिक दोन्ही नसा मारतात.

आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथकारांची नजर मात्र तीक्ष्ण होती. प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत सुश्रुताने तळहात-तळपायांची आग नोंदवली, चरकाने अंगाची बधिरता. आग आणि बधिरपणा या आजाराच्या आधीच दिसू शकतात, हे आधुनिक वैद्यकाला बऱ्याच उशिरा मान्य झाले. त्या निरीक्षणाला न्याय द्यायचा तर निशा-आमलकीसारख्या (हळद आणि आवळा) जुन्या जोडीची चाचणी नसांचे माप घेऊन व्हायला हवी.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचाही उल्लेख करायला हवा. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तो गोड आहे, कमी तिखट आहे, आणि तो मधुमेहाला बरा असे विकणारेही सांगतात. कांद्यातल्या ज्या द्रव्याचे प्रयोग झाले ते क्वेर्सेटिन लाल-पिवळ्या कांद्यात भरपूर असते, पांढऱ्यात जवळजवळ नसतेच. कांदा चवीसाठी खावा. मेथीची गोष्ट जास्त भक्कम आहे. किनाऱ्याच्या वाळूत वाढून मुंबईच्या बाजारात छोट्या जुड्यांनी येणारी समुद्रमेथी असो की दाणे, मेथीतल्या तंतूंमुळे जेवणानंतरची साखर हळू चढते. हैदराबादच्या आर. डी. शर्मा यांनी 1990च्या सुमारास माणसांत हे मोजून दाखवले. नसांबाबत मात्र मेथीही अजून उंदरांपाशीच आहे. सप्तरंगीचे तर दुहेरी संकट आहे. क्योटोच्या संशोधकांनी 1997 साली तिच्या जातीतून साखर रोखणारे सॅलॅसिनॉल काढले, तेव्हापासून या वेलींना मागणी आली. मुळी उपटली की वेल संपते.

वनस्पतीतून न मिळणारी एक गोष्ट मात्र या चर्चेत नेहमी सुटते. ती म्हणजे बी12 जीवनसत्त्व. ते कमी पडले की पाय तसेच बधिर होतात आणि दोष मधुमेहावर जातो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातले 441 मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा 67 टक्क्यांत बी12 कमी निघाले (2006). मधुमेहाची सर्वाधिक वापरली जाणारी गोळी मेटफॉर्मिन बी12चे प्रमाण आणखी खाली आणते. ही गोळीदेखील मुळात एका झाडाची देणगी आहे. युरोपातल्या गॅलेगा या शेंगवर्गी वनस्पतीतल्या द्रव्यावरून ती घडली आणि 1957 साली पॅरिसमध्ये जाँ स्टर्न यांनी ती रुग्णांना दिली. कोळीवाड्यात मांदेली, बोंबील, जवळा खाणाऱ्यांना बी12 ताटातूनच मिळते. वाडीतल्या माळकरी घरात ते पुरेसे मिळेलच असे नाही. तिथे मेटफॉर्मिन घेणाऱ्याच्या पायाला मुंग्या येऊ लागल्या, तर कोणताही काढा सुरू करण्यापूर्वी बी12 तपासणे सगळ्यात शहाणपणाचे. ही कमतरता वेळेत भरून काढली तर नस सावरू शकते, आणि असे म्हणता येईल अशी कारणे या आजारात फार थोडी आहेत.

भारतातल्या औषधचाचण्यांची नोंद 2007 पासून सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत होते, 2009 पासून ती सक्तीची आहे. कोणत्याही गोळीच्या डब्यावर ‘संशोधनाने सिद्ध’ लिहिलेले दिसले, की त्या चाचणीचा क्रमांक विचारता येतो, आणि रुग्ण किती होते, किती महिने होते, तुलनेला कोण होते हे पाहता येते. पायाची तपासणी तर याहून सोपी. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू आणि कंपनकाटा घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिकाही काही मिनिटांत तळपायाची संवेदना मोजू शकते. नागपूरला शरद पेंडसे यांच्यासारख्या डॉक्टरांनी मधुमेही पायाच्या काळजीचे प्रशिक्षण इतर डॉक्टर-परिचारिकांपर्यंत नेण्याचे काम याच साध्या साधनांवर उभे केले. किनाऱ्यावरच्या गावांत अशी तपासणी वर्षातून एकदा झाली, तर कुणाचा पाय बधिर आहे हे कालवे काढायला उतरण्यापूर्वी कळेल, आणि पुढेमागे एखाद्या वनस्पतीची चाचणी घ्यायची झाली तर सुरुवातीची मापेही हाताशी असतील.